रवडू

मंगळवार, रात्री साडेदहा

खडूच्या खोक्यावर मी चिठ्ठी चिकटवली होती. आज एका पोराने ती मोठ्याने वाचली, “रवडू.” वर्गात कुणीच हसलं नाही, म्हणजे निम्म्यांनी तेच वाचलं असणार. अक्षर माझंच. घाईत ख चे दोन तुकडे झालेले, र इकडे, व तिकडे. छापील ख चे पाय खाली जोडतात ते याचसाठी, हे डी.एड.ला मीच परीक्षेत लिहून आले होते. पोराने दिसलं ते वाचलं, त्याचं काय चुकलं? नवी चिठ्ठी त्याच्याच हाताने चिकटवली.

पहिलीत अक्षरओळख तशी होऊन जाते. गाडी अडते ती पुढे. मागच्या बाकावरची एक मुलगी ‘घर’ वाचताना “घऽ… रऽ…” म्हणते आणि माझ्या तोंडाकडे बघत बसते. दोन्ही अक्षरं येतात, घर काही दिसत नाही. बोलताना शेवटचा अ आपण गिळतो, पण तो गिळायचा हे कागदावर कुठे लिहिलेलं नसतं. समजावून उपयोग नाही. “पटकन म्हण, अजून पटकन,” असं तीन-चारदा झालं आणि ती एकदम ओरडली, “घर!” मग पानावरची कौलं बोटाने मोजत बसली.

वेलांटीचंही तसंच. ‘दिवा’ लिहिलेला बघा, डोळ्यांना आधी वेलांटी दिसते, तोंडात मात्र आधी द यायला हवा. मोठ्यांना यातली गंमत आठवतच नाही.

तिसरीपर्यंत प्रत्येक मुलाला समजून वाचता यावं, मिनिटाला किमान ६० शब्द, असं निपुण भारत या सरकारी अभियानाचं लक्ष्य आहे. २०२१ पासून आम्ही ते ऐकतोय. लक्ष्य चुकीचं नाही. पण घड्याळ लावलं की काही मुलं शब्द नुसते पळवतात, आणि गोष्टीतली म्हैस कुठे गेली विचारलं तर गप्प.

शाळेत माझ्याकडे एवढा धीर असतो, घरी तो कुठे जातो कोण जाणे. रात्री लेक दुसरीचं पुस्तक घेऊन बसली, एकाच शब्दापाशी तिसऱ्यांदा अडली आणि मी खेकसले, “अगं, आत्ताच वाचलास ना हा!” तिने पुस्तक मिटलं. दुसऱ्याच्या पोराला मी असं बोलले असते का?

मग सासूबाईंनी हाक मारली, “संकष्टी कधी आहे गं, कालनिर्णयवर बघून सांग.” लेक स्टुलावर चढली. “सं… क… ष…” ष्ट अजून शाळेत झालेला नाही. मी तोंड उघडलं, सासूबाईंनी हाताने थांबवलं. “…संकष्टी! आजी, सापडली!” शब्द कानात आधीपासून होता, जोडाक्षर त्याच्यामागून आलं. चंद्रोदयाची वेळही तिनेच शोधली. स्टुलावरून उतरायला तयार नव्हती, पुढच्या महिन्याचं पान उलटून पोळा आहे का ते बघत होती.

सासूबाई चौथी शिकलेल्या. परवा पालकसभेत एक आई म्हणत होती, “बाई, आम्हालाच वाचता येत नाही, पोराचं काय घेणार?” तेव्हा मी काहीतरी गुळमुळीत बोलले. आता तिला ही कालनिर्णयची गोष्ट सांगेन.

उद्या वर्गातल्या सगळ्या चिठ्ठ्या नव्याने लिहायच्या आहेत. खिडकी, खुर्ची, खुंटी.