गाडी झोपतच नव्हती

शुक्रवारी संध्याकाळी गाडी लावली, सोमवारी सकाळी सेल्फ मारला तर नुसतं ‘टक्’. डॅशबोर्डवरचे दिवे मंदावले, पुन्हा लागले, पुन्हा ‘टक्’. बॅटरीला मीटर लावला तर ११.९ व्होल्ट. पूर्ण भरलेल्या, धडधाकट बॅटरीवर १२.६ च्या आसपास दिसायला हवेत.

आठ दिवसांपूर्वीच मी स्वतःच्या हाताने गाडीत टचस्क्रीनची म्युझिक सिस्टीम, सीटखाली बसणारा छोटा ॲम्प्लिफायर, रिव्हर्स कॅमेरा आणि डॅशकॅम बसवला होता. ते काम एका रविवारात झालं. पिवळी वायर कायमच्या १२ व्होल्टची, लाल किल्लीबरोबर चालू-बंद होणारी, काळी अर्थची, निळी-पांढरी ॲम्प्लिफायरला जागं करणारी. कपलर जागच्या जागी बसले, आवाज सुरेख आला. इंजिनाच्या वेगाबरोबर चढणारी एक बारीक शिट्टी स्पीकरमधून ऐकू येत होती. ॲम्प्लिफायरच्या अर्थखालचा रंग खरवडून बोल्ट उघड्या पत्र्यावर घट्ट आवळला, ती गेली.

बॅटरी उतरल्यावर मात्र ज्याला विचारावं तो एकच सांगत होता, बॅटरी बदला. सिस्टीम विकणाऱ्यांच्या मदत क्रमांकावर मी तीनदा फोन केला. दर वेळी नवा माणूस, दर वेळी पहिल्यापासून तीच कहाणी, आणि शेवटी तेच उत्तर. गाडीच्या वायरिंगबद्दल एक प्रश्नसुद्धा कुणी विचारला नाही. बॅटरीची लोड टेस्ट, म्हणजे भार टाकून तपासणी, करून घेतली होती, ती उत्तम निघाली. हे सांगितलं तरी पलीकडून ‘तरी पण बदलून बघा’. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी! त्या तीन फोनांचा राग अजून गेलेला नाही, आणि हे लिहायला बसलो त्याचं निम्मं कारण तेच आहे.

मग ठरवलं, उभ्या गाडीत करंट कुठे जातोय याचा छडा आपणच लावायचा. त्यासाठी मल्टिमीटर बॅटरीच्या निगेटिव्ह टर्मिनलशी सिरीजमध्ये जोडायचा: एक टोक टर्मिनलला, दुसरं काढलेल्या क्लॅम्पला, लाल प्रोब १० अँपिअरच्या भोकात. मीटर असा जोडलेला असताना सेल्फ अजिबात मारायचा नाही, आतला फ्यूज त्याच क्षणी जातो. क्लॅम्प काढण्याआधीच मीटरची दोन्ही टोकं लावून ठेवा आणि मग क्लॅम्प अलगद उचला. मध्ये क्षणभर जरी वीज तुटली, तरी परत येताना गाडीतले सगळे मॉड्यूल, म्हणजे निरनिराळी कामं सांभाळणारे छोटे संगणक, जागे होतात आणि मोजणी पहिल्यापासून सुरू करावी लागते.

या जागे होण्यानेच माझे सहा दिवस खाल्ले.

गाडी लॉक केली म्हणजे ती बंद झाली, असं आपण धरून चालतो. आतले कंट्रोल मॉड्यूल मात्र बराच वेळ एकमेकांशी बोलत राहतात आणि एकेक करून झोपतात. कुठल्या गाडीत दहा मिनिटं लागतात, कुठल्या गाडीत पाऊण तास. सगळे झोपले की साधारण ५० मिलिअँपिअरच्या आत, म्हणजे ०.०५ अँपिअरच्या खाली, आकडा यायला हवा. माझ्या मीटरवर लॉक केल्याकेल्या २.८ आले, मग १.१, मग ०.४२. तिथे आकडा रुतला. अर्धा तास झाला, तास झाला, ०.४२ च. साठ तासांचा हिशेब केला तर २५ अँपिअर-अवर. माझी बॅटरी ४५ ची. शुक्रवार ते सोमवारात निम्म्याहून जास्त रिकामी झाली होती, आणि ती बॅटरी बदला म्हणून सगळे मागे लागले होते. नवी घातली असती तर तीही सोमवारी अशीच मेली असती.

आता एकेक फ्यूज काढायचा, आकडा कधी पडतो ते बघायचं. रीत सोपी आहे, पण फ्यूजची पेटी डॅशबोर्डखाली. दार उघडलं की आतला दिवा लागतो, गाडी जागी होते, पुन्हा पाऊण तास. पहिल्या संध्याकाळी मी तीन फ्यूज तपासले. तीन!

दुसऱ्या दिवशी युक्ती सापडली. दार उघडं ठेवून त्याच्या कडेचं कुलूप स्क्रू-ड्रायव्हरने दाबून बंद करायचं, म्हणजे गाडीला वाटतं दार लागलंय. बॉनेटच्या कुलपालाही तसंच करायचं. बिनकिल्लीची गाडी असेल तर रिमोट लांब घरात ठेवायचा. खिशात रिमोट घेऊन गाडीपाशी घुटमळलात तर ती झोपणार नाही.

त्याहून चांगली रीत म्हणजे फ्यूज काढायचाच नाही. प्लास्टिकच्या फ्यूजच्या डोक्यावर धातूचे दोन बारीक ठिपके उघडे असतात. मीटर मिलिव्होल्टवर ठेवून त्या दोन ठिपक्यांना प्रोब टेकवायचे. फ्यूजलाही किंचित रेझिस्टन्स असतो, त्यामुळे करंट वाहत असेल तर मिलिव्होल्टमध्ये किंचित आकडा दिसतो, नसेल तर शून्य. टॉर्च दातांत धरून मी अशी सगळी रांग तपासली. चार फ्यूजवर आकडा आला: बॉडी कंट्रोल मॉड्यूल (दिवे, कुलपं वगैरे सांभाळणारं), डॅशबोर्डवरचं मीटर कन्सोल, दारांचं सर्किट आणि माझी सिस्टीम. सिस्टीमचा वाटा या चारांत सगळ्यांत कमी. तिचा फ्यूज उपसला तर ०.४२ चे ०.३४ झाले, बस. उरलेला ०.३४ मी हातही न लावलेल्या, कारखान्यातून आलेल्या भागांत जात होता.

म्हणजे सिस्टीम निर्दोष आणि बॉडी मॉड्यूल बिघडलेलं, असा अर्थ मी काढला. एका गॅरेजमध्येही हेच सांगितलं आणि मॉड्यूल बदलण्याचा खर्च काढून दिला. मी जवळजवळ हो म्हणालो होतो. चोर सोडून संन्याशाला फाशी झाली असती. त्या काळात आणखी एक शंका फेडून घेतली. सिस्टीमबरोबर एक छोटी कॅनबस डबी येते, ती गाडीच्या डेटाच्या दोन वायरींवर जोडली जाते. तिथे मी काही बिघडवलं की काय, म्हणून बॅटरीचा क्लॅम्प काढून त्या दोन वायरींमधला रेझिस्टन्स मोजला. ६० ओहम आला. वायरींच्या दोन टोकांना १२० ओहमचे दोन रेझिस्टर असतात, म्हणून ६० हाच बरोबर आकडा. तिथेही दोष नाही.

पाचव्या रात्री कंटाळून सिस्टीमचा फ्यूज उपसलेलाच ठेवला आणि झोपायला गेलो. सकाळी मीटरचं बटण दाबून तो जागा केला तर पडद्यावर ०.०२.

मी ते दोनदा पुसून पाहिलं. फ्यूज काढल्या क्षणी आकडा ०.३४ वर आला होता तो लगेचचा होता. त्यानंतर बाकीच्यांना झोपायला जो वेळ लागतो, तो मी कधी दिलाच नव्हता. दर वेळी मिनिटभरात ‘हा नाही’ म्हणून फ्यूज परत बसवत होतो. माझी सिस्टीम स्वतः थोडंसंच पीत होती, पण बाकी सगळ्यांना जागं ठेवत होती! प्रत्येक बदलानंतर पाऊण तास थांबा आणि मगच आकडा लिहा. वहीत वेळ टाकून लिहा. मी थांबलो असतो तर दुसऱ्याच दिवशी सुटलो असतो.

मग कारण शोधायला एक रात्र पुरली. फ्यूज परत बसवला, गाडी लॉक केली, तासाभराने सिस्टीम अर्धी बाहेर ओढून तिच्या पाठीला हात लावला. पडदा काळा, आणि पाठीवरचा ॲल्युमिनियमचा पत्रा कोमट. बाहेरची हवा गार असताना कोमट! लाल वायरीवर मीटर टेकवला: १२.३ व्होल्ट. किल्ली काढून तास झाला होता.

ती लाल वायर खरं तर कॅनबस डबीतून यायला हवी होती. डबी गाडीचे निरोप ऐकते आणि किल्ली फिरली की लाल वायरीत व्होल्टेज सोडते. पण त्यात पडदा दोन सेकंद उशिरा उजळायचा. मला तो उशीर सोसवेना, म्हणून मी डबीची वायर सोडून लाल वायर फ्यूज टॅपने (फ्यूजच्या जागी बसून जादा वायर काढून देणारा जोड) चार्जिंग सॉकेटच्या फ्यूजवर घेतली. आधी टेस्ट लॅम्पने बघितलं होतं, किल्ली काढून दार लावल्यावर थोड्या वेळाने लॅम्प विझत होता. तेवढ्यावर हे सर्किट किल्लीबरोबर बंद होतं असं मी मानलं. माझ्या गाडीत सॉकेटचा रिले, म्हणजे विजेच्या इशाऱ्यावर चालणारा स्विच, किल्लीवर चालत नाही, तो बॉडी मॉड्यूल झोपलं की सुटतो. किल्ली काढल्यावर डबीच्या निरोपाने सिस्टीमचा पडदा विझायचा, पण लाल वायरीत वीज असल्याने आतला प्रोसेसर आणि डबी जाग्या. डबी डेटाच्या वायरींवर बोलत राहायची, त्यामुळे बॉडी मॉड्यूल झोपायचं नाही. मॉड्यूल झोपत नाही म्हणून रिले सुटायचा नाही, आणि रिले सुटत नाही म्हणून लाल वायर जिवंत.

लाल वायर परत डबीवर जोडली आणि लॉक करून पस्तीस मिनिटं थांबलो: ०.०२. डबीपाशी डेटाच्या एका वायरीवर आदल्या रात्री २.६ व्होल्ट दिसत होते, आता शून्य. माझ्या गाडीत डेटा लाइन झोपल्याची ती खूण आहे, आणि बॅटरीला हात न लावता तपासता येते. या वायरींवर बल्बवाला टेस्ट लॅम्प लावू नका, मीटरच वापरा. एअरबॅगच्या पिवळ्या कपलरवर तर काहीच लावू नका. डॅशबोर्ड उघडण्याआधी बॅटरी सोडून दहा मिनिटं जाऊ द्या.

डॅशकॅम मात्र त्या सॉकेटच्या टॅपवर नव्हता. तो किल्लीबरोबर खरोखर लगेच मरणाऱ्या वेगळ्या फ्यूजवर होता. डबीच्या लाल वायरीवर तो चढवायचा मोह झाला होता, पण तिच्यात फक्त इशाऱ्यापुरता करंट असतो. जास्त भार टाकायचा असेल तर मध्ये रिले घाला. आणि वायरी पिळून वर चिकटपट्टी गुंडाळू नका, उन्हात तिचा गोंद वितळतो आणि जोड उघडा पडतो. क्रिम्पिंग करून कापडी टेप लावा, डॅशबोर्डमागे खडखडाटही होत नाही.

सिस्टीम विकणाऱ्यांना मी चौथा फोन केला. लाल वायर डबीवरूनच घ्या एवढं एक वाक्य माहितीपत्रकात छापा, असं सांगितलं. पलीकडचा माणूस ‘लिहून घेतो’ म्हणाला आणि त्याने गाडीचं मॉडेल विचारलं. पहिल्यांदाच कुणीतरी विचारलं.

मागच्या आठवड्यात गाडी पाच दिवस उभी होती. सहाव्या दिवशी सकाळी बॅटरीवर १२.५ व्होल्ट, पहिल्याच सेल्फला इंजिन सुरू, दोन सेकंदांनी पडदा उजळला. आणि हो, दाराचं कुलूप स्क्रू-ड्रायव्हरने बंद केलं असेल तर दार लोटण्याआधी हँडल ओढून ते परत उघडा. मी एकदा विसरलो, कुलपाच्या कडेचा रंग गेला तो गेलाच.