नीरेच्या ओढ्यापासून भीमेच्या फुगवट्यापर्यंत: दोन दिवस, बारा जाती

गळ टाकून घरी परतलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो, "केवढा मिळाला?" या वेळचं उत्तर ऐकून लोक हसतात. सगळ्यांत मोठा वीतभर, सगळ्यांत लहान करंगळीच्या पेराएवढा. आणि तरीही गेल्या दोन वर्षांतली ही माझी सगळ्यांत चांगली फेरी होती.

कारण मी वजन मोजत नाही, जाती मोजतो. एक जात वहीत एकदाच चढते. मग त्याच जातीचा दहा किलोचा मासा लागला तरी आकडा हलत नाही. नियम माझेच, पण कडक आहेत : मासा तोंडात गळ घेऊन आला पाहिजे, ओळख पटेल असा फोटो पाहिजे, आणि मासा जिथून काढला तिथेच जिवंत परत गेला पाहिजे. फोटो नाही तर जात नाही. निघताना वहीत ३१ जाती होत्या.

हा छंद धरल्यावर पहिल्यांदा कळतं की नदीतल्या बहुतेक जाती बोटभरच असतात. मरळ, वाम, रोहू, कटला यांच्यामागे लागणाऱ्याची यादी पंधरा-वीसवर अडकते. पुढे जायचं तर गळ लहान करावा लागतो.

दुसरी गोष्ट कळली ती जुन्या कागदांतून. विल्यम हेन्री साइक्स हे नाव पक्षी बघणाऱ्यांना 'साइक्सचा चंडोल'मुळे माहीत असतं. हा लष्करी अधिकारी १८२४ ते १८३१ या काळात मुंबई सरकारसाठी दख्खनची आकडेवारी गोळा करत फिरत होता. फिरता फिरता त्याने इथले मासेही टिपले आणि १८३९ साली त्यांची वर्णनं छापली. गंमत अशी की शास्त्रीय नावं देताना लॅटिनच्या मागे न धावता बऱ्याच ठिकाणी त्याने इथल्या लोकांच्या तोंडचे शब्दच उचलले. गारा मुल्या, लेबिओ बोगट, टॉर खुद्री, रोहटी ही सगळी त्याचीच. टॉर खुद्री म्हणजे आपला खडस, दख्खनचा महसीर. तो त्याला पुण्याच्या पूर्वेला मुळा-मुठेत मिळाला होता. आज तिथे उभं राहून हे वाक्य मोठ्याने म्हणून बघा.

तर या फेरीचा बेत साधा होता. साइक्सच्या यादीतल्या निदान दोन-तीन नावांना प्रत्यक्ष भेटायचं. पहिला दिवस भोरच्या वर, नीरेला मिळणाऱ्या एका ओढ्यावर. दुसरा दिवस भिगवणला, उजनीच्या फुगवट्यावर. नीरा आणि भीमा नरसिंहपूरला एकमेकींना मिळतात, म्हणजे खोरं एकच, पण पाणी अगदी दोन टोकांचं. क्रम मुद्दाम असा लावला : आधी स्वच्छ ओढा, मग धरण. उलटं कधीही करू नका, कारण पुढे सांगतो.

नोव्हेंबरचा शेवट होता. ही वेळ मला सगळ्यांत सोयीची वाटते. पावसाचा गढूळपणा बसलेला असतो, ओढे अजून वाहते असतात आणि विणीचा हंगाम मागे पडलेला असतो. जून-जुलैत मासे अंडी घालायला उथळ पाण्यात चढतात, तेव्हा गळ घरी ठेवावा.

सकाळी साडेसातला ओढ्यावर पोचलो. बरोबर एक मित्र होता, जो मासे पकडत नाही, फक्त फोटो काढतो. असा मित्र मिळवणं ही या छंदातली पहिली अट म्हणायला हरकत नाही. पाणी घोट्याच्या वर, तळाचे गोटे स्पष्ट दिसत होते. पहिल्या अर्ध्या तासात नेहमीची मंडळी आली : अंगावर एकच काळी रेघ असलेला रासबोरा, निळ्या-पिवळ्या पट्ट्यांचा डेव्हारिओ, खळाळत्या पाण्यात उभा राहणारा बॅरिलियस. डोहाच्या कडेला पेथिया टिक्टो. याला ओळखणं सोपं, अंगावर दोन काळे ठिपके, एक कल्ल्याच्या मागे आणि एक शेपटीच्या अलीकडे. चारही जाती वहीत आधीपासून होत्या. हात बसला, एवढंच.

मला हवा होता तो मल्या, म्हणजेच गारा मुल्या. तो समोर दिसत होता, एक नाही वीस-पंचवीस, गोट्यांवर तोंड टेकून शेवाळ खरवडत. गांडुळाचा तुकडा नाकासमोर नेला तर बाजूला सरकायचा, जणू कुणीतरी वाटेत कचरा टाकलाय. पाऊण तास हेच. कणकेची गोळी, तेच. शेवटी एक बारका गोटा उचलला, त्याच्यावरचं शेवाळ नखाने खरवडून काढलं आणि राईएवढ्या कणकेत मळून गळाच्या टोकाला लावलं. मग तो गळ पाण्यात लोंबकळत न ठेवता सरळ एका गोट्यावर टेकवून ठेवला, मल्या चरत होता त्याच्या वाटेत. तो चरत चरत आला. तंगुसाला झटका वगैरे काही नाही, फक्त पांढरा ठिपका दिसेनासा झाला. काठी हलकेच उचलली.

फोटोसाठी मी दोन पारदर्शक पत्र्यांमध्ये बोटभर जागा असलेली लहान पेटी वापरतो. पाणी भरून मासा आत सोडला की तो आडवा, स्थिर दिसतो. मल्या आत गेला आणि सरळ काचेलाच चिकटला. त्यामुळे एरवी कधी दिसत नाही ते दिसलं : खालच्या ओठामागची गोल चकती, जिच्या जोरावर तो वाहत्या पाण्यात दगड धरून राहतो. चकतीच्या कडेला बारीक दाणे. दोन मिनिटं आम्ही दोघं त्या माशाच्या हनुवटीकडे बघत बसलो. बत्तीस.

दुपारी उतारावरच्या खडीत मूरे मिळाला, हीही साइक्सचीच देणगी. अंगावर पट्टे, तोंडाभोवती मिशा, दिवसभर खड्यांच्या आड. त्याच्यासाठी गांडुळाचा अगदी टाचणीच्या टोकाएवढा तुकडा दोन खड्यांच्या फटीत सोडायचा आणि वाट बघायची. तेहतीस. संध्याकाळी काठावरच्या कपारीतून चन्ना गाचुआ आला, मरळीचा बुटका भाऊ, परांना केशरी किनार. यातला नर अंडी आणि पिल्लं तोंडात सांभाळतो, म्हणून गळ काढायला वेळ लावू नये. जात जुनीच, पण दिसला की आनंद होतो.

ओढ्यावर जाणाऱ्यांसाठी इथेच सांगतो. गळाचा नंबर जितका मोठा तितका गळ लहान, हे नवख्यांना उलटं वाटतं. बोटभर माशाला २६ नंबर किंवा त्याहून बारीक लागतो. तानागो नावाच्या इवल्या माशासाठी जपानी लोकांनी घडवलेले गळ मिळाले तर उत्तम. ०.१० मिलिमीटरचा तंगूस, शिशाचा एकच बारीक मणी, आणि रीळ नसलेली घडीची काठी. गळाला उलटा काटा असेल तर चिमट्याने दाबून सपाट करा. मासा धरण्याआधी हात ओले करा, कोरड्या हाताला त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघून येतो. धरणाच्या खालच्या बाजूला उभे असाल तर पाणी कधी सोडतात ते गावात विचारून ठेवा. ऊन पडलेलं असतानाही पाणी चढतं. अभयारण्याच्या हद्दीत गळ काढायचाच नाही. आणि देवाच्या डोहात तर नाहीच : महाडजवळचं वाळणकोंड किंवा वाड्याजवळचं तिळसे इथे आज महसीर दिसतात ते लोकांनी ते देवाचे मानले म्हणूनच.

दुसऱ्या दिवशी भिगवण. पहाटे धुकं, पलीकडे रोहित पक्ष्यांची कुजबुज, आणि कॅमेरेवाल्यांच्या होड्या. आम्हाला होडीत घेणारे मामा मुळात मासेमारीतले, आता हंगामात पक्षी दाखवतात. धरणातल्या मासेमारीचा हक्क सहकारी संस्थांना ठेक्याने दिलेला असतो, त्यामुळे काठावर जाऊन काठी टाकली असं करू नका. आधी तिथल्या मच्छीमारांशी बोला. आपण मासा नेणार नाही म्हटलं की बहुतेक जण हसून हो म्हणतात. मामांनी माझा गळ तळहातावर घेतला, डोळ्यांजवळ नेला.

"ह्याला काय लागणार ओ? ह्ये कोंबड्यास्नी टाकायचं मासं."

पहिल्या तासाला त्यांचं म्हणणं खरं ठरलं. चिलापी, चिलापी आणि चिलापी. जगभर फिरलेला हा परदेशी मासा इथे असा बसलाय की तळाला आमिष पोचूच देत नाही. युक्ती अशी की तो घोळक्याने असतो तिथून वीस-तीस फूट सरकायचं आणि आमिष बारीक करायचं. मग वरच्या पाण्यात अळकूट आली, चांदीच्या पात्यासारखी. पाणवनस्पतीच्या कडेला काचकी आली. तिच्या अंगातून पलीकडची बोटं दिसतात. सुईसारख्या लांब चोचीचा झेनेन्टोडॉनही आला. याला लगेच झटका देऊ नका, चोच हाडासारखी असते, गळ रुततच नाही. आमिष घेऊन तो वळेपर्यंत थांबायचं.

मग काठाजवळच्या वाळूत तळाला टेकवलेल्या गळावर एक मातकट, चपट्या डोक्याचा मासा आला. पेटीत टाकला, खालून बघितलं : पोटाखालचे दोन पर जुळून वाटीसारखे झालेले. म्हणजे गोबी. मी मनातल्या मनात शास्त्रीय नाव जुळवत होतो, तेवढ्यात मामा वाकून म्हणाले, "खरपा हाय."

मी परत विचारलं. "खरपा. आमी खरपाच म्हणतो, बाप बी तेच म्हणायचा." साइक्सने १८३९ मध्ये या माशाला नाव दिलं होतं गोबियस कुर्पा. ते नाव टिकलं नाही, कारण फ्रान्सिस हॅमिल्टन या निसर्ग-अभ्यासकाने १८२२ मध्येच याच माशाला गिउरिस म्हणून ठेवलं होतं आणि नियमाप्रमाणे आधीचं नाव चालतं. पुस्तकातून खोडलेलं नाव होडीत मात्र चालू होतं. मामांना हे सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग त्या सायबानं खाल्ला का न्हाई?" चौतीस.

जवळच एका जाळ्यात सकर मासा अडकलेला दिसला, खरखरीत चिलखत घातलेला. हा मूळचा दक्षिण अमेरिकेतला, काचेच्या टाकीतून सुटून नद्यांत पसरलेला. जाळी फाडतो आणि कुणाच्या कामाचा नाही. मी तो मोजला नाही, गळाला लागलेला नव्हता. म्हणूनच आधी ओढा आणि मग धरण असा क्रम हवा. धरणावर वापरलेली काठी, जाळी, पेटी, बूट सगळं धुऊन उन्हात कडक वाळवल्याशिवाय दुसऱ्या पाण्यात नेऊ नका, आणि कुठलाही जिवंत मासा इकडचा तिकडे करू नका, आमिष म्हणूनसुद्धा.

आता फजिती. परतताना शेवटचा गळ टाकला आणि शिंगटी लागली, बोटभर लांब, लांबच लांब मिशा. आपल्याकडच्या दोन-तीन शिंगट्या वरवर सारख्याच दिसतात. ओळखायचं कसं, तर पाठीवरचा काटेरी पर आणि त्यामागचा मऊ, चरबीचा पर हे एकमेकांना टेकतात की मध्ये फट राहते ते बघून. पेटी धुवायला काढलेली, म्हणून मी शहाणपणा करून मासा हातातच धरला आणि अंगठ्याने पर उघडायला गेलो. तिने छातीजवळचा काटा ताठ केला आणि तो अंगठ्याच्या मुळाशी घुसला. काट्याला करवतीसारखे दात असतात, त्यामुळे जाताना जितका दुखतो त्याहून येताना जास्त. मित्राने त्या क्षणी फोटो काढला. फोटोत माझं तोंड स्पष्ट आहे, पर धूसर.

मनगटापर्यंत ठणका चढला. थर्मासमध्ये गरम पाणी ठेवतो ते यासाठीच : सोसेल इतक्या गरम पाण्यात हात अर्धा-पाऊण तास बुडवून ठेवला की ठणका बराच उतरतो. पाणी भाजणारं नको, आधी दुसऱ्या हाताने बघून घ्या, कारण दुखऱ्या हाताला अंदाज राहत नाही. जखम साबणाने धुवा, काट्याचा तुकडा आत राहिला किंवा सूज वाढली तर डॉक्टरकडे जा. ही शिंगटी होती म्हणून बरं. तिची चुलत बहीण शिंगी असती तर प्रकरण फार वाढलं असतं. मिशा दिसल्या की मासा हातात घ्यायचा नाही, जाळीतूनच गळ काढायचा. मामा हे सगळं बघत होते. त्यांनी शिंगटी पाठीमागून, दोन्ही काट्यांच्या मागे दोन बोटांच्या चिमटीत अलगद धरली आणि पाण्यात सोडली. मी फोटो राहिलाय म्हणेपर्यंत ती गेलीही होती.

घरी येऊन तो फोटो मोठा करून पाहिला, उजेड वाढवून पाहिला. एका बाजूने पर टेकलेले वाटतात, दुसऱ्या बाजूने मध्ये फट आहे असं वाटतं. वहीत ३५ समोर पेन्सिलीने प्रश्नचिन्ह काढलं होतं. काल ते ३५ सकट खोडलं.