जेम्सचा बेस

“पेटी आत्ताच उघडू नका. तासभर तशीच राहू दे.”

हिवाळ्यात हे मला रोज कुणाला ना कुणाला सांगावं लागतं. फेब्रुवारी २०२४ मधला शेवटचा शनिवार होता. बाहेर शून्याच्या खाली, दुकानात हीटरची ऊब. जुन्या गिटारवरचं लॅकर एवढा फरक सोसत नाही. गारठलेल्या गिटारची पेटी गरम खोलीत उघडली की रंगाला डोळ्यांदेखत तडे जातात, आणि ते कधीच भरून येत नाहीत. आलेल्या दोघांपैकी भाचा सारखा घड्याळाकडे बघत होता. त्याच्या मावशींनी मात्र कोट काढून खुर्चीच्या पाठीवर टाकला, पर्स मांडीवर घेतली आणि म्हणाल्या, “बसू की. तासाभराने काय बिघडतंय.”

डेट्रॉइटच्या उत्तरेकडच्या उपनगरात माझं गिटार दुरुस्तीचं छोटं दुकान आहे. त्या तासाभरात मावशींनी सगळी हकिकत सांगितली. त्यांचे यजमान ऑक्टोबरमध्ये गेले. जन्मभर मोटारीच्या कारखान्यात नोकरी आणि रविवारी चर्चमध्ये बेस गिटार. यांचं लग्न झालं १९९१ मध्ये, दोघांचंही दुसरं. तेव्हापासून घरात चार बेस होते, आणि त्यातल्या एकाला ते कुणालाही हात लावू देत नसत. त्याला ते कायम ‘जेम्सचा बेस’ म्हणायचे. कोण जेम्स, हे त्यांनी कधी सांगितलं नाही आणि यांनी कधी विचारलं नाही.

भाच्याने मात्र शोध घेतला होता. त्याच महिन्यात बातमी आली होती की बीटल्सच्या पॉल मॅकार्टनीचा १९६१ सालचा हॉफ्नर बेस सापडला. १९७२ मध्ये लंडनमध्ये एका व्हॅनमधून चोरीला गेलेला बेस पन्नासहून जास्त वर्षांनी इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या एका घराच्या माळ्यावर निघाला. “तो सापडतो, तर हा का नसेल?” भाचा म्हणाला. हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. बेसवादक जॅको पास्टोरियसचा १९६२चा जॅझ बेससुद्धा १९८६ मध्ये न्यूयॉर्कमधून गेला आणि दोन दशकांनी वर आला. हरवलेले बेस परत येतात, हे खरं आहे.

आणि डेट्रॉइटमध्ये बेस वाजवणाऱ्या माणसाने ‘जेम्स’ म्हटलं की तो एकच. जेम्स जेमरसन. वेस्ट ग्रँड बुलेव्हार्डवरच्या एका साध्या घरात मोटाउन या रेकॉर्ड कंपनीचा स्टुडिओ होता. साठच्या दशकात तिथून निघालेल्या असंख्य हिट गाण्यांचा खालचा सूर याच माणसाचा. रेकॉर्डच्या कव्हरवर वादकांची नावं छापत नसत. त्याचं नाव मोटाउनच्या अल्बमवर छापून आलं ते थेट १९७१ मध्ये, गायक मार्व्हिन गेच्या अल्बमवर. त्याचा बेस म्हणजे फेंडर कंपनीचा १९६२चा प्रिसिजन, सनबर्स्ट रंगाचा, म्हणजे मधे उजळ आणि कडेला गडद होत जाणारा; त्याला ‘फंक मशीन’ म्हणत. ऑगस्ट १९८३ मध्ये लॉस एंजेलिसला जेमरसन वारला, आणि त्याच्या अगदी थोडे दिवस आधी तो बेस चोरीला गेला. अजून सापडलेला नाही.

माझ्याही छातीत धडधडत होतं, हे कबूल करतो.

तास झाला. पेटी उघडली. सनबर्स्ट, कासवाच्या पाठीसारखा पिकगार्ड, म्हणजे अंगावरची पातळ पाटी, आणि दोन्ही क्रोमची झाकणं जागेवर: एक आवाज पकडणाऱ्या पिकअपवर, एक तारा टेकतात त्या घोडीवर. बहुतेक लोक ती पहिल्याच आठवड्यात काढून ड्रॉवरमध्ये टाकतात. जेमरसनने ठेवली होती. तारा फ्लॅटवाउंड, म्हणजे वरून सपाट, आणि घामाने काळ्या पडलेल्या. तारा पट्टीपासून इतक्या उंच की दाबायला बोटांत लोहाराची ताकद हवी. मानेच्या बुडाशी निळ्या शाईत ‘फंक’ असं लिहिलेलं. जेमरसनच्या बेसवर असंच होतं म्हणतात. “बघितलंत?” भाचा पुटपुटला.

मी बेस पालथा केला. मान जोडणाऱ्या धातूच्या पट्टीवर नंबर होता आणि नंबराच्या आधी ‘व्ही’ हे अक्षर.

तिथेच मला कळलं. पण अशा वेळी तोंड उघडायचं नाही, हे मी शिकलोय. पट्ट्या बदललेल्या असतात. चांगल्या वाद्याला दुसऱ्याची पट्टी लागलेली मी अनेकदा पाहिली आहे. म्हणून सगळं रीतसर तपासलं. मानेवरच्या पहिल्या पडद्यावर, म्हणजे फ्रेटवर, कॅपो हा चिमटा आवळला, म्हणजे तारा सैल केल्या तरी जागेवर राहतात. इतक्या जुन्या तारा खुंटीवरून सोडल्या तर वाकल्या जागी तुटतात, आणि तसल्या पुन्हा मिळत नाहीत. चार स्क्रू काढून मान वेगळी केली. मार्च १९६२ पासून फेंडर मानेच्या टोकावर तारखेचा शिक्का मारत असे. इथे तसा काही नव्हता. मग पिकगार्ड अंगठ्याने घासला. त्या काळचे पिकगार्ड सेल्युलॉइडचे, आणि सेल्युलॉइडमध्ये कापूर असतो. अंगठ्याखाली ते गरम झालं की देवघराचा वास येतो. परक्या देशात एखाद्या जुन्या गिटारमधून अचानक आरतीचा वास येणं, हे माझ्या कामातलं मोठं सुख आहे. याला वास नव्हता.

पिकगार्ड उलटा केला. व्हॉल्यूमच्या पॉटच्या, म्हणजे बटणाखालच्या सुट्या भागाच्या, पाठीवर आकडे होते: १३७, पुढे ८२. पहिले तीन कारखान्याचे, नंतरचे सालाचे. पॉट १९८२चा.

म्हणजे हा १९६२चा बेस नव्हता. १९६२च्या बेसची फेंडरनेच काढलेली प्रतिकृती होती; ‘व्ही’ ही तिचीच खूण. १९८२च्या सुमाराला स्वतःचीच वीस-पंचवीस वर्षांपूर्वीची वाद्यं पुन्हा तशीच बनवायला फेंडरने सुरुवात केली, कारण वादक नवी सोडून जुनी शोधत फिरत होते. एखाद्या वादकाच्या नावाचं मॉडेल काढायची फेंडरची प्रथा तर त्याही नंतरची, १९८८ मध्ये एरिक क्लॅप्टनपासूनची. जेमरसन तोवर कधीच गेला होता. हयातीत त्याच्या नावाचा बेस निघाला नाही, याचं मला आजही वाईट वाटतं.

मी मान वर करणार, तेवढ्यात पॉटच्या खालच्या पोकळीत काहीतरी दिसलं. दिवा जवळ ओढला. रंग न लागलेल्या लाकडावर पेन्सिलीची एक ओळ होती.

“मावशी, हा जेम्स जेमरसनचा बेस नाही,” मी म्हणालो. पुढचं मागचं सगळं सांगितलं, आकडे दाखवले. भाच्याचा चेहरा उतरला. “म्हणजे काकांना कुणीतरी फसवलं.”

“नाही. इथे बघा.”

मावशींनी चष्मा लावला आणि बाकावर वाकल्या. ‘जेम्ससाठी. वुडलॉन, ऑगस्ट १९८३.’ वुडलॉन ही डेट्रॉइटची दफनभूमी. जेमरसनला तिथेच पुरलं. मावशी बराच वेळ वाकून बघत राहिल्या. मग म्हणाल्या, “हे त्याचंच अक्षर. त्याचा ‘जे’ असाच, डोक्यावर टोपी घातल्यासारखा. फ्रीजवरच्या यादीत ‘ज्यूस’ लिहायचा ना, तो अगदी हाच.”

कुणी कुणाला फसवलं नव्हतं. कारखान्यात काम करणाऱ्या एका तरुणाने त्या ऑगस्टमध्ये नवाकोरा बेस घेतला होता, आणि तो जेमरसनच्या बेससारखा करायला घेतला होता. त्याने रंग खरवडून म्हातारा केला नव्हता. हल्ली तसली मागणी माझ्याकडे फार येते. जॅकोसारखा बेस करून द्या म्हणणारी मुलं आधी अंगावरचे ओरखडे विचारतात. जॅकोने फ्रेट काढलेल्या पट्टीवर इपॉक्सीचे थर का दिले, तर त्याच्या खरखरीत तारा रोजवुड खाऊन टाकतील म्हणून, हे सांगितलं तर त्यात त्यांना रस नसतो. या माणसाने नेमकं उलटं केलं होतं. जेमरसनचा आवाज जिथून येत होता तेवढ्याच गोष्टी त्याने उचलल्या होत्या: सगळ्यात जाड फ्लॅटवाउंड तारा, ५२ ते ११०, तुटेपर्यंत न बदललेल्या, उंच ठेवलेली घोडी, घोडीवरच्या झाकणाखाली फोम. आणि वाजवणं एकाच तर्जनीने.

हे एका बोटाचं मी अंदाजाने म्हणत नाही. पिकअपवरचं क्रोमचं झाकण मी दिव्याखाली तिरकं धरलं. जेमरसन करंगळी आणि तिच्याशेजारचं बोट त्या झाकणावर टेकवून फक्त तर्जनी चालवायचा. या झाकणावर नेमके तिथेच दोन डाग होते, बोटांच्या पेराएवढे. क्रोम पुसून खालचा पिवळट धातू उघडा पडलेला. कडा मऊ, मधे खोल, बाहेर येताना विरत गेलेल्या. पॉलिश कागदाने असं होत नाही. त्याला चाळीस वर्षांचे रविवार लागतात.

मी मिरजेचा. सतारमेकर गल्लीत एका कारागिराच्या दुकानात शाळेच्या सुट्ट्या घालवल्या. भोपळा, दांडी, तबली सगळं जमून आलं तरी तंबोरा बोलत नाही. जवारी काढावी लागते, घोडीचा माथा केसाकेसाने घासावा लागतो, आणि मग तारेखाली सुताचा जीवा सरकवायचा. तो गव्हाच्या दाण्याएवढा इकडे-तिकडे झाला की सूर एकदम उघडतो किंवा मिटतो. त्या दुकानात लाकडाचं कौतुक कुणी फारसं करत नसे. सगळे जीव मुठीत धरून त्या सुताकडे बघायचे. जेमरसनचा फोम मला पहिल्यांदा समजला तो त्यामुळेच. तंबोऱ्यात सूत सूर लांबवतं, इथे फोम तो आवरतो, पण दोन्हीकडे वाद्याचा स्वभाव ठरतो तो तारेला घोडीपाशी काय लागतं त्यावर.

“आता याची किंमत काय?” भाच्याने विचारलं. मी खरं ते सांगितलं. जेमरसनचा असता तर आकडा मला सांगता आला नसता. हा १९८२-८३चा पुनर्निर्मित फेंडर. त्यालाही गिऱ्हाईक आहे, पण वर शाईने लिहिलेला, क्रोम झिजलेला म्हणून बाजारात उलट कमीच येतील. तारा बदलून, शाई पुसून बरा भाव येईल का, असं त्याने विचारलं. तारा मी बदलणार नाही, त्यासाठी दुसऱ्या दुकानात जावं लागेल, असं मी त्याला स्पष्ट सांगितलं. मावशींनी त्याच्या हातावर हात ठेवला. “विकायचा कुणाला आहे?”

दुरुस्ती एकच निघाली. घोडीवरचं झाकण काढलं तर फोमचा भुगा झाला होता. बोट लावलं की चिकट, तपकिरी पीठ. ऑक्टोबरच्या आधीच तो गेला असणार. शेवटी शेवटी त्यांना वाजवणं होत नव्हतं, मावशी म्हणाल्या. मी ब्रशने घोडी साफ केली, मान पुन्हा बसवली, पेन्सिलीची ओळ होती तशी ठेवून पिकगार्ड लावला, तारा हळूहळू सुरात आणल्या. माझ्याकडे फोमच्या तऱ्हा आहेत, मऊ-कडक. पहिला तुकडा कापून झाकणाखाली घातला आणि तर्जनीने खालच्या तारेवर चार सूर वाजवले.

मावशींनी डोळे मिटून मान हलवली. “हा फार मोकळा.”

दुसरा जरा कडक होता. “हा गुदमरतोय. त्याचा असा नव्हता.”

तिसरा तुकडा मी पातळ कापला आणि दोन वरच्या तारांखाली अर्धाच सरकवला. वाजवला. सूर ठक्क लागला, गोल झाला आणि लगेच विझला. दुकानात हीटरचा आवाज तेवढा राहिला. मावशींचे डोळे मिटलेलेच होते, उजवा पाय जमिनीवर हलकेच पडत होता.

“थांबू नका,” त्या म्हणाल्या. “अजून वाजवा.”