बाळाच्या अंथरुणात उशी नको
आज बहिणीकडे गेले होते. भाचा सव्वा महिन्याचा झालाय. डोकं गोल यावं म्हणून आईने हौसेनं मोहरीची उशी शिवलेली, कडेने लोड, वर मऊ गोधडी. मी सगळं काढायला लावलं. आईला लागलं थोडं, पण बोलणं भाग होतं. एवढ्याशा जिवाला तोंडावर आलेलं पांघरूण दूर सारता येत नाही.

वर्षाच्या आतलं बाळ दुपारी असो वा रात्री, उताणंच झोपवावं, सपाट, घट्ट गादीवर. अमेरिकेत १९९४ पासून हे घरोघरी सांगितलं गेलं आणि झोपेतले अचानक मृत्यू पुढच्या काही वर्षांत जवळपास निम्म्यावर आले.

"उताणं ठेवलं आणि ओकलं तर?" आईचा प्रश्न. उताण्या बाळाची श्वासनलिका अन्ननलिकेच्या वर असते, त्यामुळे आलेलं दूध ते गिळतं किंवा खोकून बाहेर टाकतं. डोक्याच्या आकारासाठी जागेपणी, आपण समोर बसून, थोडा वेळ पालथं घालावं.

रात्री रडलं की मंद दिवा, पाजणं, ढेकर, थोपटणं आणि आईची अंगाई. ती मात्र हवीच! सोफ्यावर पाजताना बहिणीचा डोळा लागणं फार धोक्याचं, म्हणून ढेकर काढून बाळाला त्याच खोलीत वेगळ्या अंथरुणावर ठेवायचं काम आजपासून भाऊजींकडे. दुपट्यात गुंडाळणं बाळ वळायची धडपड करू लागेपर्यंतच.