फाटकं लेबल आणि साडेपाच महिन्यांचा फॉर्म

‘उत्पादकाचे नाव’. फॉर्मवरचा तो रकाना आठवला की अजून डोकं तापतं.

मी मूळचा इचलकरंजीचा, आता अमेरिकेत विस्कॉन्सिनमधल्या मिल्वॉकीत राहतो. ग्रीन बे पॅकर्स हा अमेरिकन फुटबॉलचा संघ 1994 पर्यंत दर वर्षी काही सामने इथे खेळायचे. त्यामुळे कुणाच्या जुन्या घरातलं सामान विक्रीला निघालं की एखादी जर्सी नाहीतर हेल्मेट हाती लागतं. माझी हिरवी जर्सी अशीच मिळाली. जाड, वजनदार, बाहीवर दोन ठिकाणी रफू, नंबर कापडात कापून शिवलेला. गळ्यातलं लेबल मात्र अर्धं फाटलेलं. ‘आरएन’ (कंपनीचा नोंदणी क्रमांक) ही अक्षरं, चार आकडे स्पष्ट आणि पाचवा 3 की 8 ते कळत नव्हतं.

ही जर्सी कोणी पुरवली, एवढंच मला हवं होतं. त्या काळी अख्ख्या लीगला (एनएफएलला) एकच पुरवठादार नव्हता. सँड-निट, चॅम्पियन, रसेल, विल्सन, रॉलिंग्ज असे कितीतरी होते. पुरवठादार कळला की कापड, शिवण, नंबरची ठेवण जुळवून बघता येते. नाहीतर दुकानातली प्रत आणि मैदानातली जर्सी यांतला फरक ठरवायचा कशावरून?

म्हणून अशा वस्तू तपासून दाखला देणाऱ्या एका कंपनीकडे गेलो. फॉर्ममध्ये उत्पादकाचं नाव सक्तीचं. ‘माहीत नाही’ असा पर्यायच नाही. फोन केला तर बाई म्हणाल्या, “लेबलवर आहे ते लिहा.” लेबल फाटलंय म्हटलं, तर पुन्हा तेच. शेवटी मी ‘अज्ञात’ लिहून फी भरली आणि जर्सी पाठवून दिली. अकरा आठवड्यांनी खोका जसाच्या तसा परत आला, वर शिक्का ‘अर्ज अपूर्ण’. माझी चिकटपट्टीसुद्धा कुणी काढली नव्हती. फी परत नाही. पुन्हा फोन, पुन्हा अर्धा तास वाट बघणं, पुन्हा नवीन माणूस, पुन्हा पहिल्यापासून सगळं सांगणं. एकाने तर “अंदाजाने कुठलंही नाव टाका” असा सल्ला दिला. त्या दिवशी मी खरंच चिडलो. जे शोधायला मी पैसे भरले, तेच मी आधी भरून द्यायचं, आणि तेही अंदाजाने? मग दाखला कसला देणार होते?

(पाठवण्याआधी आतून-बाहेरून सगळे फोटो काढून ठेवा. मी काढले होते, म्हणून खोका उघडल्यावर धाकधूक झाली नाही.)

त्या रविवारी फोनवर अण्णांना हे सगळं सांगितलं. त्यांची चाळीस वर्षं यंत्रमागावर गेली. म्हणाले, “लेबल छापील आहे का विणलेलं?” मी नखाने चाचपलं. विणलेलं. “मग पुढून काय बघतोस? पुढचा धागा झिजतो. मागनं आडवा धागा शाबूत असतो. उलटं कर आणि उजेडावर धर.” फाटलेली कड मोकळीच होती, एकही टाका न उसवता ती दुमडली. मोबाईलची बॅटरी मागे धरली. आरशात दिसावा तसा उलटा, पण पूर्ण आकडा दिसला. 8!

आरएन हा अमेरिकेतल्या फेडरल ट्रेड कमिशनने कंपनीला दिलेला नोंदणी क्रमांक. त्यांच्या संकेतस्थळावर फुकट शोधता येतो. 3 धरून आधी शोधलं होतं तेव्हा बायकांचे स्वेटर करणारं कुणीतरी निघालं होतं. 8 धरल्यावर धागा सँड-निटपर्यंत पोचला. त्यांचा कारखाना विस्कॉन्सिनमधल्याच बर्लिन गावात होता, माझ्या घरापासून गाडीने दीड तासावर. एक मात्र ध्यानात ठेवा: हा क्रमांक कपड्याचं वय सांगत नाही, कंपनीने नोंदणी कधी केली एवढंच सांगतो. मी आधी इथेच चुकलो होतो.

वयाचा अंदाज दुसरीकडून येतो. लीगने पाठीवर खेळाडूचं नाव 1970 पासून सक्तीचं केलं. माझ्या जर्सीवर नावाची पट्टी नाही, पण नंबरच्या वर सुईच्या भोकांची ओळ आहे, म्हणजे पट्टी होती, नंतर काढली. धुण्याच्या सूचनांची चिठ्ठी 1972 च्या नियमानंतर कपड्यांत सर्रास येऊ लागली, ती इथे नाही. कापड ड्युरीन, म्हणजे रासायनिक प्रक्रियेने चकाकी आणलेलं (मर्सराइज्ड) सूत. पुढे जाळीदार कापड आलं आणि हे मागे पडलं. म्हणून मी सत्तरच्या दशकाची सुरुवात धरतो.

हेल्मेटचं राहिलंच. तिथे आतला शिक्का बघा, पुढच्या जाळीवर भरवसा ठेवू नका. जाळ्या बदलल्या जायच्या, एका कंपनीच्या कवचाला दुसरीची जाळी सहज सापडते. आणि रिडेल या हेल्मेट कंपनीचा लीगशी करार 1989 मध्ये झाला. त्याआधी एकाच संघात तीन-चार कंपन्यांची हेल्मेटं असायची.

पुन्हा फी भरून, रकान्यात ‘सँड-निट’ लिहून फॉर्म पाठवला. पहिल्या अर्जापासून साडेपाच महिन्यांनी दाखला आला. ‘उत्पादक: सँड-निट’. शोध माझा आणि अण्णांचा, सही कंपनीची.

रात्री अण्णांना व्हिडिओ कॉलवर दाखला दाखवायला लागलो, तर ते म्हणाले, “कागद राहू दे. जर्सी उलटी करून दाखव जरा, आतला धागा बघू दे.”