इलुलिसाटचे हिमनग: कड्यावरून बघा, पुळणीवर उतरू नका

ग्रीनलंडला जायचं ठरलं की पहिली अडचण थंडीची नसते, व्हिसाची असते. ग्रीनलंड डेन्मार्कच्या राज्यात असलं तरी शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात, मोडत नाही. त्यामुळे साधा शेंगेन व्हिसा इथे चालत नाही. ग्रीनलंडसाठी वैध असल्याचं व्हिसावर वेगळं लिहून यावं लागतं. अर्जातच तसं मागा आणि पासपोर्ट हातात पडला की आधी ती ओळ शोधा. पुढे कोपनहेगनहून ग्रीनलंडची राजधानी नूक, तिथून छोट्या विमानाने इलुलिसाट. दोन विमानांमध्ये भरपूर वेळ ठेवा, धुकं कुणाचं ऐकत नाही.

गाव उत्तर ध्रुववृत्ताच्याही वर, डिस्को उपसागराच्या काठी. गावाला खेटूनच बर्फाने भरलेला फ्योर्ड, म्हणजे जमिनीत खोल शिरलेली समुद्राची अरुंद खाडी, आहे, २००४ पासून जागतिक वारसा. त्याच्या आतल्या टोकाला सर्मेक कुयाल्लेक ही हिमनदी. २०१२च्या उन्हाळ्यात तिचा वेग दिवसाला ४६ मीटरपर्यंत गेला होता! गावातून ती दिसत नाही, दिसतात ते तिचे तुटलेले हिमनग. फ्योर्डच्या तोंडाशी पाण्याखाली जुन्या मोरेनचा, म्हणजे हिमनदीने आणून टाकलेल्या दगडमातीचा, बांध आहे. मोठे नग त्यावर रुतून बसतात, झिजले की सुटतात. म्हणून गावासमोर कायम दाटी.

इथे बोटीच्या आधी पायी जा. आइसफ्योर्ड सेंटरपासून लाकडी पायवाट सर्मर्मिउटच्या जुन्या वस्तीकडे जाते. सोपी आहे, आईबाबांनाही जमेल. खाली छोटी पुळण दिसते आणि पाय आपोआप तिकडे वळतात. तिथे पाटी आहे: किनाऱ्यावर जाऊ नका, अचानक लाट येऊन जीव जाऊ शकतो. ती वाचूनही खाली उतरून सेल्फी काढणारे असतातच.

आम्ही वर खडकावर डबा उघडून बसलो होतो. समोरच्या एका नगाच्या खांद्यावरून बराच वेळ पाण्याची बारीक धार गळत होती. तेवढ्यात कडाड आवाज झाला आणि नग अगदी सावकाश कलला. एक बाजू बुडत गेली, दुसरीकडून त्याचं पोट वर आलं: गुळगुळीत, गडद निळं, पाणी निथळणारं. मग तो मागेपुढे डुलत राहिला. सगळं शांत झालं असं वाटत असताना लाट पुळणीवर पोचली आणि टेबलाएवढे बर्फाचे तुकडे खडकांवर आपटून गेली. खाली कुणी नव्हतं, नशीब.

नगाचा जवळजवळ नऊ दशांश भाग पाण्याखाली असतो आणि तो खालून वेडावाकडा वितळतो. तोल गेला की उलटायला निमित्त लागत नाही. तेव्हा बोट निवडताना ‘आम्ही अगदी जवळ नेतो’ म्हणणारा टाळा. आमच्या नावाड्याने उंच नगांपासून लांबच ठेवलं आणि इंजिन बंद करून आजूबाजूच्या तुकड्यांमधून सुटणाऱ्या हवेची तडतड ऐकवली. शेकडो-हजारो वर्षांपूर्वी बर्फात अडकलेली हवा ती. फेरी रात्रीची घ्या. जूनमध्ये सूर्य मावळतच नाही आणि तिरप्या उन्हात बर्फ गुलाबी दिसतो.

हिमनदी कोसळताना बघायची असेल तर उत्तरेला ‘एकी’ (Eqi) नावाच्या हिमनदीकडे जाणारी बोट आहे. अख्खा दिवस जातो, खिसाही चांगलाच हलका होतो, पण माझ्या मते वसूल. तिथे बोट बर्फाच्या भिंतीपासून दूर उभी राहते म्हणून कुरकुर करू नका. जुलै २०१४ मध्ये याच भिंतीचा मोठा भाग ढासळला, तेव्हा चारेक किलोमीटरवरच्या किनाऱ्यावर लाट १० ते १५ मीटर उंच चढली होती. किनाऱ्याला उतरवलं तर उंचावरच थांबा, आणि पाणी ओसरताना दिसलं तर फोटो सोडून वर पळा.

आणि हो, जुलैत जात असाल तर डोक्यावरून घ्यायची मच्छरदाणीची टोपी न्याच. बर्फाच्या देशात डास कसले, असं आम्हाला घरचे म्हणाले होते. पायवाटेवर ते तोंडात जातात.