तुम्ही विचारलंत म्हणून: स्टँडर्ड ऐच्छिक आहे, मग त्यापायी एवढा जीव का काढायचा?

"मॅडम, कायद्यात या स्टँडर्डचं नाव कुठेच नाही. आणि तुम्हीच सांगता की ते ऐच्छिक असतं. मग आपण एवढे मागे का लागतो?"

दरवर्षी नवे ट्रेनी शॉपवर आले की दोन-तीन आठवड्यांत हा प्रश्न येतोच. शेजारच्या गाळ्यांतले कारखानदारही विचारतात, फक्त त्यांच्या बोलण्यात खर्चाची काळजी असते. मी भोसरी एमआयडीसीत प्रेशर व्हेसल, म्हणजे आतून दाब सोसणाऱ्या बंद टाक्या, बनवणाऱ्या एका फॅब्रिकेशन शॉपमध्ये क्वालिटी बघते. आमची काही व्हेसल्स जर्मनीला जातात, आणि प्रश्न असतो तो त्यासाठीच्या युरोपियन स्टँडर्डचा. दर वेळी उभ्याउभ्या अर्धंच उत्तर दिलं जातं, म्हणून आज सगळं लिहून काढते.

आधी कायदा काय म्हणतो ते पाहू. युरोपात प्रेशर इक्विपमेंट डायरेक्टिव्ह आहे, क्रमांक 2014/68. तो जुलै 2016 पासून लागू आहे. त्याआधी 1997 चा होता. आतला दाब 0.5 बारच्या (बार हे दाबाचं माप) वर जाणार असेल, तर ती वस्तू या कायद्याखाली येते. त्याच्या पहिल्या परिशिष्टात सुरक्षेच्या मूलभूत अटी आहेत. वाचायला बसलात तर त्या फार साध्या वाटतात. व्हेसल अपेक्षित भार सहन करेल अशी डिझाइन करा. जोडकाम करणारा माणूस योग्यतेचा असू द्या. दाबाचा भार घेणारा प्रत्येक भाग कोणत्या मालाचा आहे, ते माल आल्यापासून शेवटच्या टेस्टपर्यंत ओळखता आलं पाहिजे.

पण पत्रा किती जाड घ्यायचा, वेल्डरची परीक्षा कशी घ्यायची, ओळख कशी ठेवायची, हे तिथे सापडत नाही. 1985 साली युरोपने ठरवलं की कायद्याने फक्त काय साधायचं ते सांगावं आणि कसं साधायचं ते स्टँडर्डवर सोडावं. ते "कसं" आमच्यासाठी ईएन 13445 मध्ये आहे, पाइपिंगवाल्यांसाठी ईएन 13480 मध्ये. अशा स्टँडर्डचा उल्लेख युरोपियन युनियनच्या राजपत्रात छापून आला की त्याला कायद्यात वजन येतं. ते पाळून व्हेसल बनवली, तर ते स्टँडर्ड ज्या अटींना उत्तर देतं, त्या पूर्ण झाल्या असं धरून चालतात. कोणत्या अटींना कोणता भाग उत्तर देतो, याचा तक्ता स्टँडर्डच्या शेवटी झेडए नावाच्या परिशिष्टात असतो. ट्रेनींना मी पहिल्या दिवशी तेच पान उघडून देते. अख्खं स्टँडर्ड पुढे वर्षभर वाचता येतं.

आता "ऐच्छिक" या शब्दाकडे येते, कारण सगळा घोटाळा तिथेच होतो. स्टँडर्ड सोडायची मोकळीक खरोखर आहे. पण स्टँडर्ड सोडलं म्हणून अटी सुटत नाहीत. मग प्रत्येक अट आपण कशी पुरी केली, ते आपलं आपण सिद्ध करायचं. पुण्यातल्या कितीतरी शॉप्सचा हात एएसएमई या अमेरिकन इंजिनिअरांच्या संस्थेच्या कोडवर बसलेला आहे. तो कोड उत्तम आहे, आणि तो वापरूनही युरोपला माल देता येतो. फक्त एक उदाहरण बघा. 10 बारची व्हेसल आहे. एएसएमईच्या आठव्या सेक्शनच्या पहिल्या डिव्हिजनप्रमाणे हायड्रो टेस्ट, म्हणजे व्हेसल पाण्याने भरून दाब देण्याची चाचणी, 1.3 पट, म्हणजे साध्या तापमानाला चालणाऱ्या व्हेसलला 13 बार. युरोपचा कायदा सर्वसाधारण नियम म्हणून 1.43 पट मागतो, म्हणजे 14.3 बार. कोड तंतोतंत पाळूनही तुम्ही 1.3 बार कमी पडलात. हा फरक ड्रॉइंगवर टिपला नाही, तर तो कळतो इन्स्पेक्टर गेजसमोर उभा राहिल्यावर.

कारखानदारांचा खरा प्रश्न मात्र पत्र्याच्या जाडीचा असतो, कारण पैसे तिथे जातात. समजा स्टेनलेसची, 800 मिलिमीटर आतल्या व्यासाची, साधारण 500 लिटरची व्हेसल आहे, दाब 10 बार, मालाचा अनुज्ञेय ताण, म्हणजे मालावर जास्तीत जास्त किती ताण येऊ द्यायचा तो, 140 न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर धरा (याच मापात 10 बार म्हणजे 1). सूत्र असं: दाब गुणिले व्यास, भागिले (ताणाची दुप्पट गुणिले जोडाचा गुणांक, त्यातून दाब वजा). हा गुणांक म्हणजे वेल्डवर किती भरवसा ठेवायचा तो आकडा, आणि तो खुद्द कायद्यातच दिला आहे. जोड निर्दोष आहेत हे तपासण्यांनी पूर्ण दाखवलं तर 1. नमुन्यापुरती तपासणी केली तर 0.85. नुसतं डोळ्यांनी पाहिलं तर 0.7. गणित करा: 1 ला जाडी येते 2.87 मिलिमीटर, 0.85 ला 3.38, आणि 0.7 ला 4.10. गंजाची आणि घडवताना पातळ होण्याची भर यात अजून धरलेली नाही. म्हणजे रेडिओग्राफीचे, वेल्डच्या एक्स-रे तपासणीचे, पैसे वाचवले, तर ते पत्र्यात घालावे लागतात. तुम्हाला हवं ते निवडा. मात्र पातळ पत्रा आणि नुसती डोळ्यांची तपासणी, ही जोडी कोणत्याच रस्त्याने मिळत नाही. पुढे त्या व्हेसलशेजारी आठ तास उभा राहणारा माणूस या आकड्यांवर विसंबून असतो. मी जीव काढते तो त्याच्यासाठी.

ही व्हेसल हवेसाठी असेल तर दाब गुणिले लिटर, म्हणजे 5000. कायद्याच्या तक्त्यात 3000 च्या वर गेलं की चौथी, सर्वात कडक श्रेणी. तिथे तुमचं डिझाइन आणि काम तिऱ्हाईत संस्थेच्या नजरेखालून जातं. संस्थेचा माणूस विचारतो तेव्हा "आम्ही वीस वर्षं असंच करतो" हे उत्तर चालत नाही. कलमाचा क्रमांक सांगता यावा लागतो.

मालाच्या ओळखीची अट मात्र मला एका पत्र्याने शिकवली. प्रत्येक पत्र्यावर पोलादाच्या गिरणीने हीट नंबर, म्हणजे तो माल कोणत्या ओतातला आहे त्याचा क्रमांक, टाकलेला असतो. तोच नंबर टेस्ट सर्टिफिकेटवर असतो. पत्रा कापण्याआधी तो नंबर प्रत्येक होणाऱ्या तुकड्यावर पंच करायचा आणि सही घ्यायची, अशी पद्धत. माझ्या आधीच्या नोकरीत एका रात्रपाळीला घाईत आधी कापलं गेलं. नंबर उरलेल्या कोपऱ्यावर राहिला आणि तो कोपरा भंगारात गेला. सकाळी शेलचा, म्हणजे व्हेसलच्या गोल अंगाचा, तुकडा रोलिंगला तयार, चकचकीत, आणि त्यावर काहीच नाही. फोरमनकाका म्हणाले, "पत्रा तोच आहे, मी शपथेवर सांगतो." माझा त्यांच्यावर विश्वास होता. पण त्याच रॅकमध्ये तशाच जाडीचा, दुसऱ्या ग्रेडचा पत्रा होता, आणि दोन्ही डोळ्यांना सारखेच दिसत होते. तुकडा बाजूला काढला, नवा पत्रा आणला, डिस्पॅच पुढे गेला. साहेब माझ्याशी आठवडाभर नीट बोलले नाहीत. मला आजही तो निर्णय बरोबर वाटतो.

आपल्याकडे काय, हेही विचारतात. आपला रस्ता वेगळा आहे. 1863 साली कलकत्त्यात बॉयलर फुटून माणसं दगावली, तेव्हा 1864 मध्ये बंगालात पहिला कायदा झाला. मग प्रांतोप्रांती वेगळे नियम आले, आणि 1923 मध्ये देशभरासाठी एकच बॉयलर कायदा. 2025 मध्ये त्याच्या जागी नवा आला. पण रोजच्या कामात आमच्या तोंडी असतो तो आयबीआर, म्हणजे 1950 चे इंडियन बॉयलर रेग्युलेशन्स. त्यात जाडीची सूत्रं, वेल्डरची परीक्षा, सगळं नियमांतच लिहिलेलं आहे. तिथे ऐच्छिक हा प्रश्नच येत नाही. याचा फायदा असा की शोधायला दोन ठिकाणी जावं लागत नाही. तोटा असा की तंत्र पुढे गेलं की नियमच बदलावा लागतो. मला स्वतःला युरोपची वाटणी जास्त पटते, मात्र दोन्ही पुस्तकं वाचणारं कोणीतरी शॉपमध्ये हवं. सीईची, म्हणजे युरोपचे नियम पाळल्याच्या खुणेची, पट्टी लागली की झालं, असं समजणारी शॉप्स पाहिली की काळजी वाटते.

घरातला कुकर तिसऱ्या रस्त्याने आला. त्याचं भारतीय मानक, आयएस 2347, आधीपासून होतं. सरकारने गुणवत्ता नियंत्रण आदेश काढला आणि 1 फेब्रुवारी 2021 पासून आयएसआय चिन्हाशिवाय कुकर विकणं बेकायदा झालं. ऐच्छिक मानक एका आदेशाने सक्तीचं होतं ते असं. आणि युरोपातही कुकरच्या डिझाइनला निदान तिसऱ्या श्रेणीइतकी तपासणी लागते, कारण त्याच्याजवळ उभं असतं ते घरातलं माणूस.

हायड्रो टेस्टला पाणी का, हवा का नाही, हेही ओघाने येतं. पाणी फारसं दबत नाही, त्यामुळे जोड गेला तर दाब क्षणात उतरतो आणि पाणी सांडतं. हवा दबून बसलेली असते, ती स्फोटासारखी सुटते. स्टेनलेसला आम्ही बोअरचं पाणी वापरत नाही, त्यातल्या क्लोराइडमुळे.

यंदाच्या ट्रेनीने प्रश्न विचारला त्याच दुपारी आम्ही 14.3 वर काटा आणून थांबवला. मी त्याच्या हातात बॅटरी दिली. तो प्रत्येक नोझलखाली, म्हणजे पाइप जोडायच्या तोंडाखाली, बोट फिरवत गेला, बोट कोरडं आहे का बघत. तळाच्या ड्रेन नोझलपाशी तो थांबला, बोट माझ्यापुढे धरलं आणि म्हणाला, "मॅडम, हे ओलं आहे."

फ्लँजचा गॅस्केट होता, वेल्ड नव्हता. दाब उतरवला, बोल्ट सोडले, गॅस्केट बदलला आणि काटा पुन्हा शून्यापासून वर नेला.